मानेखालची शिवण

त्या कारखान्यात खुर्च्यांना नुसते कपडे चढवले जात. लोखंडी सांगाडे दुसरीकडून तयार होऊन यायचे. इथे त्यांच्यावर फोम बसायचा, फोमवर रेक्झिन, आणि रेक्झिनवर खिळेमास्तरांची नजर. मास्तर हे नाव त्यांना कामामुळे पडलं होतं आणि खिळे तोंडामुळे. चिमूटभर बारीक खिळे ते तोंडात टाकायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचे, ओठांतून उचलून एका ठोक्यात बसवायचे. पुढे स्टेपल गन आली. सगळ्यांनी तोंडं मोकळी केली, मास्तरांनी केलं नाही. काम चालू असताना खिळे तोंडात असायचेच, आणि कुणी नको तो विषय काढला की काम नसतानाही.

कारखान्यात त्यांचा एक नियम होता. स्वतःचं बूड टेकवल्याशिवाय माल बाहेर जाऊ द्यायचा नाही. नाटकगृहाची खुर्ची असो, बसचं सीट असो, न्हाव्याची फिरती खुर्ची असो, मास्तर त्यात बसायचे, डोळे मिटायचे, बूड इकडून तिकडे हलवायचे आणि मगच म्हणायचे, "न्या." नव्या कामगाराला ते पहिल्या दिवशी हेच सांगायचे, शिवण नंतर शिकवायचे.

एका मालाला मात्र हा नियम लागत नसे. दाताच्या दवाखान्यातली ती लांबलचक, आडवी होणारी खुर्ची. ती तयार झाली की मास्तर तिच्यावर मूठ दाबायचे, गुडघा रोवायचे, आणि शेजारच्या टेबलावरच्या कामगाराला हाक मारायचे. हा कामगार दिवसभर अखंड बोलायचा म्हणून त्याला पोपट म्हणत.

"पोपटा, तू पड रे जरा. माझी कंबर धरलीय."

पोपट पडायचा, पाठ पुरती टेकायच्या आत "राजासारखं वाटतंय मास्तर" म्हणायचा आणि उठायचा. मास्तरांची कंबर वर्षभर ठणठणीत असायची. नेमकी त्याच दिवशी धरायची. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं, कारण मास्तरांच्या हातात हातोडी असायची.

मग दातांचा विमा आला.

दुपारच्या सुट्टीत हिशेबाच्या खोलीतली बाई पत्रकं घेऊन आली. पत्रकावर एक कुटुंब छापलं होतं, आई, बाप, मुलगा, मुलगी, सगळे दात काढून हसत होते आणि दात असे की धुतलेल्या कपबश्या. असल्या कुटुंबाला या विम्याची गरज जगात सगळ्यात कमी असते, म्हणून तर त्यांना छापतात. ज्यांना गरज असते ते तोंड मिटून फोटो काढतात. आणि मुळात हा वेगळा विमा कशाला? पोट दुखलं, हाड मोडलं, छातीत कळ आली तर एक विमा, आणि दाढ दुखली तर दुसरा. जणू दात हा अंगाचा भागच नव्हे, झोपताना काढून खुंटीला अडकवायची वस्तू आहे. ज्या शहाण्याने ही वाटणी केली त्याची अक्कलदाढ एकदा नीट ठणको, एवढंच मागणं.

पण विमा होता तो होता, आणि मालक त्यात आपला वाटा घालणार होते. बाईने समजावून सांगितलं. "एकट्यासाठी घेता येईल, कुटुंबासाठीही घेता येईल. कुटुंबासाठी घेणार असाल तर आधी तुम्ही स्वतः आपल्या ठरलेल्या डॉक्टरांकडे जाऊन दात तपासून घ्यायचे. महिनाअखेरपर्यंत. मगच घरच्यांची नावं चढतील."

मास्तरांनी एवढं ऐकलं आणि खिळे तोंडात टाकले.

घरी त्यांची बायको मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरत होती. ती लाँड्रीत इस्त्रीला होती. डावीकडची वरची दाढ तिला कित्येक महिने छळत होती. ती उजवीकडून चावायची, उजव्या कुशीवर झोपायची, फोनसुद्धा उजव्या कानाला लावायची. तिच्या आयुष्याची डावी बाजूच बंद पडली होती. जवळच्या दवाखान्यात ती एकदा जाऊन आली होती. तिथे रूट कॅनलचा जो आकडा सांगितला तो ऐकून ती म्हणाली होती, "दाढ एकच आहे हो."

"कारखान्यात दातांचा विमा आलाय म्हणे?" तिने विचारलं.

"फक्त कामगाराचेच दात धरतात," मास्तर म्हणाले.

"बरोबरच आहे. चावतो तो कामगार. आम्ही आपलं नुसतं गिळतो."

विषय तिथे संपला. मास्तरांना वाटलं, संपला.

पुढच्या आठवड्यात भाजीबाजारात तिला पोपटाची बायको भेटली. उभ्या उभ्या सफरचंद खात होती. कापून नाही, आख्खं, कराकरा.

"वहिनी, तुम्ही कधी जाताय? माझी किडलेली दाढ बुजवली की. आमचे हे गेले, घटकाभर आ केलं, आम्हा सगळ्यांची नावं चढली. हे आ करून एवढा वेळ गप्प बसले, मला तर त्याचंच नवल."

मास्तरीण घरी आली तेव्हा मास्तर स्वयंपाकघरातल्या स्टुलाला नवी गादी ठोकत बसले होते. त्यांची मुलगी चिंगी शेजारी अभ्यास पसरून बसली होती. चिंगीचे नवे आलेले दात रांगेत घुसणाऱ्या माणसांसारखे एकमेकांच्या पुढे-मागे उभे होते.

"पोपटाची बायको कारखान्यात कामाला लागली का हो?"

मास्तर ठोकत राहिले.

"मी तुमच्याशी बोलतेय. आधी ते खिळे काढा तोंडातले."

त्यांनी खिळे तळहातावर काढले. "अगं, त्या विम्यात काही दम नाही. पगारातून किती कापणार, मिळणार किती, सगळा हिशेब केला तर..."

पुरुषाला भीती वाटली की तो हिशेब मांडतो. बाईला भीती वाटली तर तिला भित्री म्हणतात, पुरुषाला वाटली तर त्याला व्यवहारी म्हणतात, आणि या व्यवहारापायी किती बायका उजवीकडून चावत म्हाताऱ्या झाल्या त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

"कुठाय हिशेब? दाखवा."

हिशेब नव्हता.

"बाबा घाबरतात," चिंगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"पोपटकाका. दाताच्या खुर्चीवर तुम्ही त्यांनाच झोपवता म्हणे. तुमची कंबर धरते."

मास्तरीण खाली बसली. बूड टेकवण्याचा तो नियम ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, एकदा तर बस कंडक्टरलासुद्धा मास्तरांनी तो ऐकवला होता.

"म्हणजे इतकी वर्षं," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही न बसलेला माल बाहेर पाठवताय."

भित्रा म्हटलं असतं तर मास्तरांनी झटकून टाकलं असतं. हे वर्मी बसलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. लहानपणी त्यांच्या वडिलांची दाढ अंगणात उपटायला घेतली होती. दोन माणसांनी हात धरले होते, एक जण मांडीवर बसला होता, चौथ्याच्या हातात पक्कड होती. वडील लाकडी खुर्चीत होते.

"मग?" चिंगीने वही मिटली.

"मग काय. खुर्चीचा पाय मोडला. दाढ तशीच."

मास्तरिणीला हसू फुटलं. आणि हसता हसता तिचा हात गालावर गेला, डोळे गच्च मिटले, आणि हसणं अर्ध्यावर तुटलं.

मास्तर बघत राहिले. "हसायलाही दुखतं?"

"हसायलाच जास्त दुखतं."

किती दिवसांत ती घरात खळखळून हसली नव्हती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांना वाटत होतं ती चिडलेली असते.

"उद्या सुट्टीत कारखान्यात ये," ते म्हणाले. "कुठला विमा घ्यायचा ते तूच ठरव. तोंड मी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी ती हिशेबाच्या खोलीत खुर्ची ओढून बसली. कुटुंबाच्या विम्याचे दोन प्रकार होते, धाकटा आणि थोरला. बाई धाकट्याचं गुणगान गात होती. पगारातून कमी कापतात, वर्षातून दोनदा दात साफ करून देतात, ब्रश फुकट.

"ब्रश आहे माझ्याकडे," मास्तरीण म्हणाली. "रूट कॅनल कधीपासून धरता?"

"धाकट्यात सहा महिन्यांनी."

"सहा महिने थांबायला दाढेला कोण सांगणार? तुम्ही याल?"

बाईने चष्मा सारखा केला. "थोरल्यात नाव चढल्यापासून लगेच."

"आणि मुलीच्या तारा?"

"थोरल्यात अर्धा खर्च. धाकट्यात नाही."

"मग धाकट्यात आहे काय?"

"साफसफाई," बाई म्हणाली, आणि तिलाच हसू आलं. आवाज खाली आणून ती पुढे म्हणाली, "मीही थोरलाच घेतलाय. पण सांगताना आधी धाकटा सांगा म्हणून सांगितलंय आम्हाला."

असं असतं. खरं विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा नियम मात्र जगात सगळीकडे पाळतात.

महिनाअखेर जवळ आली आणि तिघं दवाखान्यात गेली. आत लवंगेसारखा वास होता, स्टीलच्या तबकात काहीतरी किणकिणत होतं. डॉक्टरबाई वयाने लहान होती, तिने हसून खुर्चीकडे हात केला.

"या काका. पडा निवांत."

मास्तर खुर्चीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी खाली वाकून हाताच्या टेकूखाली बोट फिरवलं. कोपऱ्यात दुहेरी टाका लागला. असा टाका आख्ख्या कारखान्यात एकच माणूस घालत होता.

"ही माझी आहे," ते म्हणाले.

"अहो, दवाखाना त्यांचा आहे," मास्तरीण म्हणाली. "झोपा."

ते झोपले. खुर्ची घर्रकन मागे गेली, डोळ्यांवर दिवा आला, हात टेकूंवर आवळले गेले. आता दातखीळ बसणार, तेवढ्यात त्यांना मानेखाली काहीतरी टोचलं. त्यांनी डोकं हलवलं. पुन्हा टोचलं. मानेच्या उशीवरून एक जाडजूड शिवण आडवी गेली होती, नेमकी मणक्यावर. उशीसुद्धा दगडासारखी. ही शिवण इथे कुणी घातली? घालणारे तेच होते. नकाशात तशी होती, त्यांनी तशी घातली, मूठ दाबून बघितली, आणि मूठ कशी सांगणार, मुठीला मान नसते. वर्षानुवर्षं किती माणसं दुखरे दात घेऊन या शिवणीवर पडली असतील. आणि तो पोपट. राजासारखं वाटतंय म्हणे.

मास्तरांना इतका संताप आला की भीतीला जागाच उरली नाही. इकडे तोंडात आरसा फिरत होता, कुठेतरी काहीतरी खरवडत होतं, त्यांचं लक्षच नव्हतं. ते मनात उशी उसवत होते.

"झालं, काका."

"काय झालं?"

"तपासणी. दाढा चांगल्या आहेत. पण पुढच्या दाताला ही खाच पडलीय. तोंडात काय धरता तुम्ही?"

"खिळे," चिंगी म्हणाली.

"ते बंद करा."

"ते राहू द्या," मास्तर उठून बसले. "बाई, ही उशी मानेला टोचते."

डॉक्टरबाईने आरसा तबकात ठेवला. मग म्हणाली, "सगळेच म्हणतात. मला वाटायचं, घाबरलेली माणसं काहीतरी कारण काढतात. मी टॉवेल घालते घडी करून."

"टॉवेल नको. रविवारी मी येतो."

रविवारी ते खरंच गेले. उशी उसवली, शिवण मागच्या बाजूला नेली, मधे मऊ फोम घालून खोलगट केली. मग खुर्चीवर आडवे झाले, डोळे मिटले, मान इकडून तिकडे हलवली. डॉक्टरबाई दाराशी उभी होती.

"कसं काय?"

"आता न्या," मास्तर सवयीने म्हणाले.

सोमवारी पोपटाला काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो दुपारपर्यंत बोलला नाही, आणि लोक त्याची तब्येत विचारून गेले. त्या दिवसापासून दाताच्या खुर्चीवर मास्तर स्वतः पडू लागले. कंबर पुन्हा धरली नाही.

नावं चढल्यावर मास्तरिणीची दाढ उघडली. दुखणं पहिल्याच बैठकीत निम्म्याच्या खाली आलं. दुसऱ्या बैठकीला तिघं गेली, कारण चिंगीच्या तारांचं माप घ्यायचं होतं. डॉक्टरबाईने मास्तरिणीला सुई दिली आणि म्हणाली, "गाल बधिर होईपर्यंत पडून राहा." मग ती चिंगीला घेऊन पलीकडच्या खोलीत गेली.

परत आली तेव्हा मास्तरीण झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, हात पोटावर, आणि डोकं डावीकडे कललेलं. डावा गाल उशीत रुतला होता.

"उठवू?" डॉक्टरबाईने हळूच विचारलं.

"बाहेर कुणी आहे का?"

"एक आजोबा आहेत. पेपर वाचताहेत."

"वाचून होऊ द्या की."

डॉक्टरबाईने दिवा बाजूला फिरवला. चिंगीने वाकून बघितलं. "बाबा, आई घोरतेय."

"तिला सांगू नकोस."

मास्तर शेजारच्या स्टुलावर बसले. स्टुलाच्या रेक्झिनचा एक कोपरा सुटून लोंबत होता. त्यांनी खिशात हात घातला, एक खिळा काढून सवयीने ओठांत धरला, चिंगीची नजर दिसली तसा काढून हातात घेतला. हातोडी जवळ नव्हती. असती तरी त्यांनी ठोकला नसता. आवाज झाला असता.