रेषेपुढची जागा

आमच्या संघात यायला पळता यावं लागत नाही. शर्टाचं माप द्यावं लागतं.

लॉर्ना प्रुइटच्या तळघरात एक कापणीचं यंत्र आहे. पांढरं, पाव ठेवायच्या डब्याएवढं. दर डिसेंबरात लॉर्ना काँप्युटरवर आकृत्या काढते, यंत्रात व्हिनाइलचा, म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा, रंगीत ताव सरकवते, यंत्र कुरकुरत तो कापतं, आणि जानेवारीत आम्ही ओहायोतून फ्लोरिडाला जाऊन एका करमणूक-बागेच्या अर्धमॅरेथॉनमध्ये ते सगळं पाठीपोटावर चिकटवून तेरा मैल चालतो. 'पळतो' असं म्हणायची पद्धत आहे. एका वर्षी आम्ही पाचजणी बर्गरमधले जिन्नस होतो. लॉर्ना केचप, फिलिस मोहरी, गेल लोणचं, बेव्ह कांदा आणि मी मेयोनीज. मी कॉलेजात अठ्ठावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. मेयोनीज झाल्यावर ते कोणी विचारत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी लोणचं नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी मोहरी नव्हती.

जी जाते तिचं नाव उरलेल्यांच्या पाठीवर येतं, हा आमच्याकडचा रिवाज. आमच्याकडचाच असं नाही. त्या शर्यतीत निम्म्या पाठी अशाच असतात, मागून चालणाऱ्याला स्मशानात फिरून आल्यासारखं वाटतं, फक्त संगीत जास्त आनंदी असतं. नाव सोनेरी अक्षरांत, दोन्ही बाजूंना छोटे पंख, खाली जन्माचं साल, एक आडवी रेष, आणि रेषेपुढे दुसरं साल. गेलचे शर्ट तिच्या दफनानंतर आठवड्याभरात तयार झाले. फिलिसचे दफनाच्याच दिवशी. तेव्हा मला वाटलं, लॉर्नाचा हात बसत चाललाय.

यंदा आम्ही तिघी मधमाश्या व्हायचं ठरलं. म्हणजे लॉर्नानं ठरवलं.

बेव्ह हॅस्किन्सला त्याआधीच्या मार्चमध्ये डॉक्टरांनी पोटात काहीतरी दाखवलं होतं. नोव्हेंबरपर्यंत तिच्या शर्टाचं माप दोन आकड्यांनी उतरलं. फ्लोरिडाला जाऊ नका, असं डॉक्टरांनी तिला तीनदा सांगितलं. तिनं तिन्ही वेळा ऐकून घेतलं. बेव्हनं चौतीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. मागून कोण काय ओरडतंय ते ऐकून घ्यायची तिला सवय आहे.

तिला जायचंच होतं, त्याला कारण होतं. त्या शर्यतीत सगळ्यात शेवटी दोन बाया निघतात, मनगटाला फुगे बांधून. मैलाला सोळा मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. त्या घाई करत नाहीत, थांबत नाहीत, सगळ्यांकडे बघून हसतात. फुग्यांच्या मागे जो पडला, त्याच्याजवळ सायकलवरचा एक माणूस येतो आणि अतिशय अदबीनं त्याला बसमध्ये बसवतो. मागच्या वर्षी अकराव्या मैलाला फुगे बेव्हच्या पुढे गेले. चौतीस वर्षं बस चालवलेल्या बाईला बसमध्ये मागच्या सीटवर बसून, हातात केळं घेऊन, शेवटच्या रेषेपर्यंत यावं लागलं. त्यानंतर ती महिनाभर त्या ड्रायव्हरच्या वळण घेण्याबद्दल बोलत होती. बाकी काही बोलली नाही. यंदा तिला आपल्या पायांनी ती रेष ओलांडायची होती, आणि पुढच्या जानेवारीबद्दल आमच्यातलं कोणीच काही बोलत नव्हतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मी लॉर्नाच्या तळघरात खुरपणीला बसले होते. यंत्र नुसतं कापतं. नको असलेला भाग टोकदार आकड्यानं उचकटून काढायचं काम माणसाचं, आम्ही त्याला खुरपणी म्हणतो. अक्षरांच्या पोटातले ठिपके, कडेच्या पट्ट्या, सगळं निघून बोटांना, मोज्यांना, कॉफीच्या कपाला चिकटतं. आणि ताव कापायचा असतो उलटा, आरशात दिसतो तसा, म्हणजे कापडावर गरम इस्त्रीनं दाबल्यावर सुलटा उठतो. त्यामुळे खुरपताना आपण काय खुरपतोय ते वाचत नाही कोणी. नुसते आकार बघायचे.

गेल झाली, फिलिस झाली. तिसरा सोनेरी ताव मी पाऊण तास खुरपला. पंख होते, त्यामुळे मला वाटलं मधमाशीचंच काहीतरी असेल. काम संपल्यावर बारीकसारीक काही राहिलं का ते बघायला ताव बल्बसमोर धरला. मागचा कागद पारदर्शक असतो. पलीकडून अक्षरं सुलटी दिसली.

बेव्ह. खाली १९५८, आडवी रेष, आणि रेषेपुढे २०. त्यापुढे दोन आकड्यांची जागा मोकळी.

लॉर्ना कॉफी घेऊन जिन्यावरून येत होती. मी ताव तसाच धरून उभी होते. तिनं तावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कप टेबलावर ठेवला.

"२० तर येणारच आहे," ती म्हणाली. "पुढचे दोन काय, पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "लॉर्ना, ती जिवंत आहे. काल तिनं माझ्याकडे सूप प्यायलं."

"किती?"

"किती काय?"

"किती सूप?"

मी ताव टेबलावर ठेवला. चार चमचे.

मग लॉर्नानं समजावलं, जशी ती सगळं समजावते, कपाट लावल्यासारखं. हा सोनेरी रंग कंपनीनं बंद केलाय. गेल आणि फिलिस याच रंगात आहेत. आता कापलं नाही तर पुढे वेगळा पिवळा मिळेल आणि पाठी विजोड दिसतील. थडग्याच्या दगडावर नवरा-बायकोची नावं एकदमच कोरून ठेवतातच की लोक. मी विचारलं, शर्टांवर फिलिसच्या खाली एवढी जागा का सोडली आहेस. ती म्हणाली, चित्राचा तोल.

बेव्ह दर सोमवारी त्या तळघरात यायची, माप द्यायला, गप्पा मारायला, उगाच. तो ताव तिच्या हाती लागला तर ती फ्लोरिडाला जाणार नाही, किंवा जाईल आणि चौथ्या मैलाला स्वतःच त्या बसमध्ये चढेल, असं मला स्पष्ट दिसत होतं. लॉर्ना वर फोन घ्यायला गेली तेव्हा मी ताव उचलला आणि पर्समध्ये घातला. एका खुनाचा पुरावा लपवल्यासारखं वाटलं, फक्त खून अजून व्हायचा होता.

ताव हरवला हे लॉर्नाच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तिनं दोन दिवस शोधला. कपडे धुवायचं मशीन सरकवलं. मशीन सरकवायला मी गेले होते. माझ्याकडे ती एकदाच बघून म्हणाली, गोष्टी अशा नाहीशा होत नसतात. नागरिकशास्त्राच्या बाईला घाबरवायला एवढं पुरे असतं.

फेकून का दिला नाही, असं मी स्वतःलाही विचारलं. बंद झालेला रंग होता. आणि पाऊण तास मी तो खुरपला होता. शर्यतीच्या माहितीपुस्तकाच्या पानांत तो चपटा ठेवला आणि पुस्तक तसंच बॅगेत गेलं, फ्लोरिडापर्यंत.

शर्यत उजाडताना सुटते. त्या पहाटे हॉटेलच्या खोलीत आम्ही पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे शर्ट घालून, डोक्यावर मधमाशीच्या शिंगांसारख्या मिशा लावून उभ्या होतो. बेव्हच्या शर्टाला पुन्हा दोन ठिकाणी टाके घालावे लागले होते. लॉर्ना खाली गाडीची व्यवस्था बघायला गेली. मी न्हाणीघरात होते. बेव्हनं बाहेरून विचारलं, नंबर लावायच्या पिना कुठे आहेत. मी म्हटलं, बॅगेत, पुस्तकात खोचल्यात.

बोलले, आणि तोंडातला ब्रश तोंडातच राहिला.

बाहेर आले तेव्हा बेव्हनं शर्ट काढून इस्त्रीच्या टेबलावर पालथा पसरला होता. अंगावर हॉटेलचा टॉवेल. खांद्याची हाडं वर आली होती. गेलच्या खाली फिलिस, फिलिसच्या खालच्या रिकाम्या जागेत तो ताव, आणि वरून हॉटेलची इस्त्री. ती सगळ्या वजनानं दाबत होती. आता तसं वजन फार नव्हतं.

"बिचारी लॉर्ना दोन दिवस मशीनमागं डोकं घालून बसली होती," ती वर न बघता म्हणाली. "चोरी करायची तर धड करावी, फ्रॅन. पिना नको ठेवूस त्यात."

मी म्हटलं, मला वाटलं तुला माहीत नाही.

"मीच सांगितलं होतं तिला. ऑक्टोबरात. म्हटलं, सोनेरी संपायच्या आत माझं काढून ठेव, नाहीतर तू मला जांभळ्या चमकीत घालशील. आणि फ्रॅनला सांगू नको, ती भाषण देईल."

मी भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, की स्वतःच्याच पाठीवर का. ते तर आम्ही लावायचं असतं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी हे शब्द माझ्या तोंडून आधी गेले आणि मग मला ऐकू आले.

"पुढच्या वर्षी मला वाचता येणार आहे का?" बेव्ह म्हणाली. "आणि मागून फुगे आले तर त्यांनाही कळू दे, कोणाला उचलायला निघालेत."

तिनं इस्त्री बाजूला केली आणि लगेच कागद सोलायला घेतला. मी म्हटलं, थांब, गार होऊ दे. गार झाल्यावरच सोलायचं असतं, हे आमच्यात पोरासोरांना ठाऊक आहे. पण बेव्ह तळघरात गप्पा मारायला यायची, काम करायला नाही. खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिनं कागद सोलला.

पहिले सात मैल बरे गेले. लोक मागून येत, पाठ वाचत, आणि पुढे जाताना हळू आवाजात म्हणत, वाईट झालं हो. बेव्ह म्हणायची, आभारी आहे. एक माणूस, अंगावर पूर्ण कोळंबीचा पोशाख, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ती वरून बघत असेल. बेव्ह म्हणाली, एवढ्या लांबून नाही.

आठव्या मैलानंतर ती बोलेनाशी झाली. लॉर्ना पुढे निघून गेली होती. लॉर्नाचं वेळापत्रक असतं. दहाव्या मैलाला मी मागे पाहिलं. लांबवर दोन निळे फुगे होते, वारा नसताना हलत होते. अकराव्याला ते इतके जवळ आले, की फुगे एकमेकांवर घासल्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्याच्यामागे सायकल. सायकलीच्या मागे बस, दार उघडं ठेवून, चरत चालणाऱ्या गुरासारखी सावकाश.

मी बेव्हचा हात धरायला गेले. तिनं तो झटकला.

फुगेवाल्या बायांपैकी एक सत्तरीची, गोड चेहऱ्याची होती. ती मैलभर बेव्हच्या पाठीमागे चार पावलांवर चालत होती. तिला दुसरं वाचायला काही नव्हतं.

"कोण होती ग तुझी?" तिनं मागून विचारलं.

"जवळचीच," बेव्ह म्हणाली. "जरा हट्टी."

"कधी गेली?"

बेव्हनं दहाबारा पावलं टाकली. मला वाटलं दम संपला.

"अजून लिहिलेलं नाहीये," ती म्हणाली.

त्या बाईनं परत पाठ वाचली असावी. तिचं हसू कुठं गेलं ते मी पाहिलं नाही, कारण मी पुढे बघत होते. पण ती हळू झाली नाही. त्यांना हळू होता येत नाही. मनगटावर घड्याळ असतं, आणि नियम सगळ्यांना सारखे, हे मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. ती फक्त म्हणाली, "मग चाल पोरी. मी येतेच आहे."

शेवटचा मैल बेव्ह कशी चालली ते मला सांगता येणार नाही. तिचे ओठ राखाडी झाले होते. शेवटच्या वळणावर तिनं बसकडे एकदा, ड्रायव्हरनं आरशात बघावं तशी नजर टाकली. तिच्या हिशेबानं आम्ही रेष ओलांडली ती एका बसच्या लांबीनं आधी. माझ्या हिशेबानं अर्ध्या.

लॉर्ना पलीकडे उभी होती, अंगावर गुंडाळायचा चंदेरी कागद आणि केळं घेऊन. बेव्ह पदक गळ्यात घालून फुटपाथच्या कडेला बसली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. लॉर्नानं तिच्या अंगावर कागद टाकायच्या आधी तिची पाठ बघितली. बघताना भुवया जवळ आल्या.

२० गेलं होतं. वाटेत कुठंतरी सुटून पडलं होतं. नाव होतं, पंख होते, १९५८ होतं, आणि आडवी रेष. रेषेच्या पुढे नुसता पिवळा शर्ट.

"गरम असताना सोललंस ना?" लॉर्ना म्हणाली. "शंभरदा सांगितलंय."

"वाट बघायला वेळ कुठे होता," बेव्ह म्हणाली. डोळे मिटलेले होते.

लॉर्ना माझ्याकडे वळली. तिनं केळं सोललं, अर्धं बेव्हच्या हातात दिलं, अर्धं माझ्या. मग माझ्या खांद्यावरून एकदा हात फिरवला. मला वाटलं धीर देतेय. ती रुंदी बघत होती.

"सोनेरी आता एकच ताव उरलाय, फ्रॅन," ती म्हणाली. "तुझं साल बावन्न ना?"