ग्रहणाची रंगीत तालीम

ग्रहण उद्या संध्याकाळी होतं, पण वेल्डरच्या लेकीला धीर कुठला! गच्चीवर कुठे उभं राहायचं, सूर्य कुठल्या इमारतीआड बुडतो, हे आजच बघून ठेवायचं म्हणून तिने बाप कामावरून येताच त्याला वर पिटाळलं. बापानेही वर्कशॉपमधून सगळ्यात गडद काच आणली होती.

खरं तर त्या काचेशी त्याचं कधी जमलंच नाही. वेल्डिंगचा एवढासा टाका मारायला तोंडावर काचेचा मुखवटा कशाला, म्हणत या शहाण्याने वीस वर्षं उघड्या डोळ्यांनी टाके मारले. घरी येऊन डोळे चोळत बसला की बायको करवादायची, तो हसण्यावारी न्यायचा.

"आधी तू बघ, बाबा."

त्याने डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्याला काच लावली. मावळतीच्या सूर्याचा खालचा लचका कुणीतरी तोडला होता.

"पेपरवाले चुकले गं. ग्रहण आजच लागलंय."

लेकीने काच हिसकावून घेतली, बराच वेळ बघितलं. "काहीतरीच काय, बाबा. अख्खा गोल तर आहे."

त्याने काच घेतली, सदऱ्याला घासूनपुसून पुन्हा उजव्या डोळ्याला लावली. लचका जिथल्या तिथे होता. मग त्याने हळूच काच डाव्या डोळ्यावर सरकवली.

"हो गं," तो म्हणाला, "अख्खाच आहे."

काच परत उजवीकडे न्यायची मात्र त्याची छाती झाली नाही.