कोरडे टॉवेल

टॉवेलांना वासच नव्हता, तिथून ठमीचा संशय सुरू झाला.

इस्पितळाच्या लाँड्रीत ती कामाला लागून महिना होत आला होता. पलीकडच्या दालनात मोठी यंत्रं घरघरत असत आणि तिथून येणाऱ्या प्रत्येक कपड्याला साबणाचा, तापलेल्या सुताचा वास असे. हात लावला तर चटका बसे. ठमीच्या टोपलीतले टॉवेल मात्र थंडगार. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग होता. तो टॉवेल रोज तिच्याच वाट्याला कसा येत होता?

तिचा डावा हात जन्मापासून मुठीत मिटलेला. म्हणून टॉवेलाचं एक टोक हनुवटीखाली धरायचं, दुसरं उजव्या हाताने ताणायचं आणि पोटावर घडी पाडायची, ही रीत तिने स्वतःच बसवली होती. शाळेचं शेवटचं वर्ष त्या सरावात गेलं. शाळेतल्या बाईंनी कितीतरी उंबरे झिजवल्यावर ही जागा मिळाली. आईने तर जिन्यात भेटेल त्याला अडवून सांगितलं, "आमची ठमी नोकरीला लागली!"

म्हणून ती लगेच काही बोलली नाही. आधी खात्री करायची. शाईचा डाग पडलेला आपला निळा रुमाल तिने एका टॉवेलाच्या घडीत सरकवला. टॉवेल वॉर्डात गेला, तर रुमाल परत येणार नाही. धुवायला गेला, तर डाग फिका होईल.

दुसऱ्या दिवशी रुमाल टोपलीच्या तळाशी होता. चुरगळलेला, कोरडा, डाग जसाच्या तसा.

ठमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती थेट साखरसाहेबांकडे गेली. व्यवस्थापकांचं हे नाव तिनेच ठेवलं होतं. ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याचे दात किडावेत.

"साहेब, माझे टॉवेल..." तिची जीभ सावकाश वळते. शब्द जुळायला वेळ लागतो.

"संपले? शाब्बास! आणखी देऊ?"

"नाही. माझ्या घड्या..."

"एकदम सुरेख असतात हं तुझ्या घड्या!"

"माझ्या घड्या रोज कोण मोडतं?"

साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. मग ते खुर्ची पुढे ओढून आणखी मऊ आवाजात म्हणाले, "अगं बेटा, खऱ्या कामाची फार धावपळ असते. तुला कशाला तो ताप? इथे येतेस, चार माणसांत बसतेस, आईलाही बरं वाटतं. उद्या लाँड्री बघायला पाहुणे येणार आहेत, फोटो काढणार आहेत. छान हसायचं हं!"

घरी तिने आईला सगळं सांगितलं. आईने हातातलं भांडं पुसून ठेवलं.

"चूक त्यांचीच आहे," ती म्हणाली. "पण ठमे, हे गेलं तर दुसरं कुठे मिळणार? निदान घराबाहेर तरी पडतेस."

ठमीला आईचा जास्तच राग आला, कारण आईचा आवाज कापत होता आणि घाबरलेल्या माणसावर धड ओरडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सोबत शाळेतल्या बाईही होत्या. साखरसाहेबांनी ठमीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही आमची लाडकी. बघा, कशी रमलीय!"

कॅमेरा वर झाला. ठमीने खांदा झटकला, घड्यांच्या गठ्ठ्यातला वरचा टॉवेल उचलला, झटकून मोकळा केला आणि टोपलीत टाकला. मग दुसरा. मग तिसरा.

"अगं, अगं, हे काय?"

"हे रोज, मी गेल्यावर होतं," ठमी म्हणाली. "आज मीच केलं."

कुणीच तिचं वाक्य मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे?" बाईंनी साहेबांना विचारलं.

"आज तिला जरा बरं नाहीये."

"मला बरं आहे. मला राग आलाय."

"खरं बोलतेय पोरगी!" इस्त्रीच्या टेबलामागून आवाज फुटला. तिथली मावशी महिनाभरात ठमीशी अवाक्षर बोलली नव्हती, नुसती डोळे वटारायची. "साहेबांच्या हुकमाने हिच्या घड्या मीच मोडते. त्यापायी रोज बस चुकते माझी. वर हिच्या वाट्याचं कामही मीच ओढते! माझ्याकडे काय बघतेस गं?"

"मला कुणी सांगितलं होतं का?" ठमी ओरडली.

"मग मला तरी कुणी विचारलं होतं?"

दोघी एकमेकींकडे खाऊ का गिळू अशा बघत राहिल्या.

बाई एरवी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही. "हिला खरं काम द्या. नाहीतर मी हिला आत्ता घेऊन जाते, आणि का नेतेय ते या सगळ्यांना सांगून नेते."

साहेबांनी कॅमेऱ्याकडे चोरून पाहिलं. "देऊ की, देऊ. पुढच्या आठवड्यात बसून नीट..."

"आत्ता," ठमी म्हणाली.

मावशीने पायाने ढकललेली कपड्यांची गाडी ठमीच्या टेबलावर आदळली. चादरी. नुकत्याच निघालेल्या, वाफाळत्या. ठमीने पहिलीची कड हनुवटीखाली धरली आणि चटका बसून सोडली. पुन्हा धरली. चादर टॉवेलाच्या कितीतरी पट मोठी, सारखी निसटत होती. कशीबशी घडी झाली तेव्हा तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मावशीने एक नजर टाकली. "वाकडी आहे. परत घाल."

"अहो, असू द्या," साहेब कळवळले. "तिला कसं जमणार..."

"तुम्ही गप बसा. पेशंटच्या पाठीखाली चुणी येते. परत घाल गं."

ती चादर मावशीच्या तोंडावर फेकावी असं ठमीला वाटलं. तिने शब्द जुळवायला घेतले. मावशीची इस्त्री थांबली नाही. पण तिने मध्ये तोंडही घातलं नाही.

"तू... महाखडूस... बाई आहेस."

"माहितेय. कडा जुळव आधी," मावशी म्हणाली. "आणि हात उचल जरा. आज मला बस पकडायचीय."

ठमीने आपली घडी आपल्याच हाताने मोडली.