कूलरचं बटन

प्रमिलाचं म्हणणं एवढंच होतं, की भिंतीला भोक पाडायच्या आधी गॅसचा पाइप कुठून गेलाय ते एकदा पाहून घ्या. सकाळी चहा देताना तिनं सांगितलं, रात्री ताट वाढताना सांगितलं. पण तिचा नवरा हेमराज याचं देवळीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. दुकानात पाइप विकतो म्हणजे जगातला प्रत्येक पाइप आपल्याला विचारूनच वळतो, असा त्याचा समज होता.

पाइप बसवला तेव्हा हा गडी दुकानात गल्ल्यावर बसला होता. घरी प्रमिला होती. सिलिंडर मागच्या अंगणात, तिथून तांब्याचा पाइप भिंतीत गाडून शेगडीपर्यंत आणला, वरून टाइल्स लावल्या, सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. आता स्वयंपाकघर नवं करायला काढलं होतं आणि खिडकीखाली कूलरसाठी भोक पाडायचं होतं. इतकी वर्षं चुलीपुढं भाजून निघाल्यावर तिला हा कूलर मंजूर झाला होता, म्हणून ती फार ताणूनही धरत नव्हती.

मे महिन्याची दुपार. लाइन गेलेली. झळा येऊ नयेत म्हणून घराची दारं-खिडक्या गच्च बंद, खिडक्यांना बारदाना लावलेला. ड्रिल चालेना, म्हणून दुर्गेश मिस्त्रीनं छन्नी-हातोडा काढला.

"भाऊ, इथं पाइप-बिइप नाई ना?"

"थो वरून गेला. तू मार बिनधास्त," हेमराज म्हणाला.

"खालून गेलाय," प्रमिला म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

दुर्गेशनं दोघांकडं पाहिलं आणि मालकाचं ऐकलं. चार-पाच घाव बसले. मग भिंतीतून फुस्स असा आवाज सुरू झाला आणि वासाचा भपकाराच आला.

प्रमिला अंगणात धावली आणि तिनं सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. आवाज थांबला, पण आत शिरलेला गॅस आतच होता. परत येऊन पाहते तर हेमराज भोकावर अंगठा दाबून उभा!

"दुर्गेश, दुकानातून पुट्टी घेऊन ये. काई नाई होत. वासच तं हाय. लाइन आली का बापूजीचा कूलर सुरू होते, सारा वास बाहेर फेकून देते."

शेजारच्याच खोलीत प्रमिलाचे सासरे, बापूजी, कूलरसमोर झोपले होते. लाइन गेली म्हणून कूलरचं बटन बंद करायची रीत या गावात कुणाच्याच घरी नाही. लाइन आल्याचं कळतं ते त्याच वाऱ्यानं. आता ती आली की कूलर आपोआप सुरू होणार, आणि एक ठिणगी पुरे. गॅस जड असतो, खाली साचून राहतो, हे गॅस एजन्सीच्या बाईनं महिला मंडळात सांगितलं होतं. तेव्हाही हेमराज हसला होता.

"भायेर निघा सारे! अन् तुम्ही समोरून जाऊन मीटरजवळचा मेन पाडा. लाइन यायच्या आत."

"मेन काऊन? मी कूलरचंच बटन बंद करतो ना."

"अंदरच्या एकाही बटनाले हात लावायचा नाई! त्याच वक्ती लाइन आली तं? जा म्हणते ना!"

तो कुरकुरत मागच्या दारानं निघाला, मागोमाग दुर्गेश. प्रमिलानं बारदाना ओरबाडून काढला, खिडक्या उघडल्या आणि सासऱ्यांच्या खोलीत शिरली.

"मामाजी, उठा. गॅस सुटला."

बापूजींनी नाक वर केलं. करोनापासून त्यांना वासच येत नव्हता. "मले तं काई येत नाई वास. एवढ्या उनात कुठं नेतं? लाइन येईनच आता, गार वाटन."

एका बाईचं या घरात कुणी ऐकायचंच नाही, असा नेमच आहे का? प्रमिलाला रडू आलं आणि रडण्याच्या आधी राग आला. वीस वर्षांत जिनं सासऱ्यांपुढं आवाज चढवला नव्हता, ती ओरडली, "उठा म्हणते ना!" आणि दंडाला धरून तिनं त्यांना खाटेवरून उठवलंच. बापूजी इतके चकित झाले की चप्पल न घालताच चालू लागले.

त्यांना घेऊन ती घरासमोर आली. हेमराज निंबाखाली दुकानात फोन लावून बोलत होता, "पुट्टी नाई तं काय हाय मंग?" बाहेरच्या भिंतीवरचा मेन तसाच वर होता.

प्रमिलानं सासऱ्यांचा हात सोडला, धावत जाऊन मेन खाली ओढला. ती निंबापर्यंत पोचते न पोचते तोच लाइन आली. शेजारच्या घरातला कूलर घरघरला, पलीकडचाही, आणि बघता बघता सगळी गल्ली घुमू लागली. त्यांचं घर तेवढं गप्प होतं.

बापूजी पायांचे चटके विसरून आपल्या खोलीच्या खिडकीकडं पाहत राहिले.

"माया कूलरचं बटन चालूच होतं वो पोरी," ते हळूच म्हणाले.

प्रमिलानं तिथूनच गॅसच्या तातडीच्या नंबरवर, १९०६ वर, फोन केला. एजन्सीचा माणूस येईपर्यंत तिनं कुणाला उंबऱ्याकडं फिरकू दिलं नाही. तो आला, त्यानं सिलिंडर वेगळा काढला, सगळं घर तपासलं आणि विचारलं, पाइप नेमका कुठून गेलाय?

"खालून," हेमराज छाती काढून म्हणाला, "मी तं पयलेच सांगतलं होतं."

दुर्गेशला ठसका लागला. प्रमिलाला वाटलं, हातोडा उचलावा आणि उरलेली भिंतही पाडावी.

थोड्या वेळानं तो माणूस म्हणाला, आता आत जायला हरकत नाही. हेमराज उठला. "चला बापूजी, झालं. चला अंदर."

बापूजी हलले नाहीत. निंबाच्या बुंध्याला टेकून ते तसेच बसून राहिले.

"प्रमिला," त्यांनी विचारलं, "जाऊ का अंदर?"

"बसा थोडं," प्रमिला म्हणाली.

ते बसले. हेमराज दारापर्यंत गेला, उंबऱ्याशी घुटमळला आणि परत येऊन बापाशेजारी बसला.