अंबूबाईंना बसवून ठेवणारी खुर्ची

मी अंबूबाईंची खुर्ची बोलतेय. महिन्यामागं या घरच्या सुनेची, संयोगिताची, झोप उडाली होती. सासूबाईंची, म्हणजे अंबूबाईंची, चोळी ढिली झालेली, उंबरा ओलांडताना त्यांचे पाय थरथरायचे, आणि नवरा दूर सीमेवर. त्यांना काही झालं तर त्याला काय तोंड दाखवायचं, हाच तिला घोर.

माझा जन्म मिरजेतला. अंग सागवानी, हात रुंद. गेल्या वर्षी अंबूबाई न्हाणीत घसरल्या, तेव्हा मला आष्ट्याजवळच्या या घरी आणलं. त्यांनी भाजी निवडायला घेतली की संयोगिता ताट काढून घ्यायची. "आवं आत्या, तुमी बसा." शेजारणी सुनेचं कौतुक करायच्या. मलाही वाटायचं, आपण सेवेत आहोत.

पण दिवसभर आम्ही दोघीच. वाटेवरून बायका जायच्या, थांबायचं कुणी नाही. अंबूबाई माझ्या हातांवर बोटं फिरवत राहायच्या आणि दर महिन्याला थोड्या हलक्या लागायच्या. मला कळायचं. सांगणार कुणाला?

मग आरोग्य उपकेंद्रातल्या रेश्मा मॅडम आल्या. म्हणाल्या, हात न टेकता उठा.

"हात हायत की मला. टेकू का नको?" अंबूबाई म्हणाल्या. पण जमेना. शेवटी माझ्या आधारानं उठल्या. तुळशीपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो, ते मॅडमनी घड्याळात पाहिलं. अंबूबाईंना चक्कर येते म्हटल्यावर, ती गोळ्यांमुळं तर नाही ना हे बघायला सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे बोलावलं. वर सांगितलं, रोज उठबस, ताटात डाळ-अंडं, आणि काढून घेतलेली कामं परत हातात.

"नुसत्या वयानं न्हाई, बसून बसून झालंय. ताकद येती परत."

"म्हणजे मीच सेवा करून आजारी पाडलं?" संयोगितानं विचारलं.

"एकटीनं न्हाई," मॅडम हसल्या. "खुर्चीबी हाय की सोबतीला."

ते मला लागलं. आता सकाळी दहा वेळा उठबस, की दिवसभर मी रिकामी. करमत नाही. तरी एवढंच मागणं, मायेपोटी कुणाला माझ्यात रुतवू नका.

आज अंबूबाईंनी नातीला, समीक्षाला, अंगणवाडीत सोडायचं म्हणून चपला घातल्या. संयोगिता लगबगीनं पुढं आली.

"आवं आत्या, तुमी बसा. मी सोडते."

अंबूबाई थबकल्या. माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात समीक्षानं त्यांचं बोट धरलं.

"आई, आता तू बस."