घोड्याचं चालेल, तिचं नको

"तुमच्या बहिणीच्या हाडातली मज्जा तुमच्याशी जुळते," डॉक्टर टेरेलबाई म्हणाल्या. "अगदी पूर्णपणे. असं नशीब फार कमी जणांच्या वाट्याला येतं."

रोएना खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाली. "तिला कुणी बोलावलं तपासणीला?"

डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. मेडानं मान खाली घातली. "मी कळवलं, आई. मावशी त्याच दिवशी येऊन रक्त देऊन गेली."

रोएनानं बाह्या खाली ओढल्या. तिच्या दंडावर, पोटऱ्यांवर निळेकाळे डाग उठले होते. हिरड्यांतून रक्त येत होतं. घरापासून तबेल्यापर्यंत चालत जायचं म्हटलं तरी छाती भात्यासारखी चालायची. केंटकीतल्या त्या मुलखात अडलेली घोडी सोडवायला रात्री-अपरात्री जिला बोलावणं यायचं ती ही बाई; आता तिला पाण्याची बादली उचलवत नव्हती.

आजार कुठून आला ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पानगळीच्या दिवसांत तिला कावीळ झाली होती. त्या वेळी अंगातल्या लढणाऱ्या पेशी चवताळून उठल्या. कावीळ गेली, पण त्या काही शांत झाल्या नाहीत. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथं घुसल्या आणि रक्त घडवणाऱ्या पेशींनाच शत्रू समजून मारत सुटल्या. मज्जा जवळजवळ रिकामी झाली होती. बाहेरून दिलेल्या रक्तावर आणि प्लेटलेट्सवर ती कशीबशी उभी होती.

"दुसरा काहीच इलाज नाही?" तिनं विचारलं.

"आहे. तुमच्या वयाला तोही चालतो. माणसाच्या त्या लढाऊ पेशी घोड्याला टोचतात, घोड्याचं अंग त्यांच्याविरुद्ध औषध तयार करतं. ते शुद्ध करून तुमच्या शिरेतून देतात. चवताळलेल्या पेशी मरतात, मग मज्जेला डोकं वर काढायला जागा मिळते. पण ताप येतो, हुडहुडी भरते, आणि गुण येईलच असं नाही. आला तरी महिने लागतात."

"मग घोड्याचं द्या," रोएना म्हणाली. "घोड्याचं चालेल. तिचं नको."

गाडीत मेडा रडली, ओरडली, पुन्हा रडली. रोएना खिडकीबाहेर पाहत राहिली.

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा हॉलिस धाकट्या बहिणीच्या, डार्लाच्या नवऱ्याकडे कामाला होता. क्लेटन प्रूइटचा घोड्यांचा फार्म म्हणजे त्या भागातलं मोठं नाव. तिथल्या एका वळूघोड्याच्या खोलीची कडी तुटली होती. हॉलिसनं क्लेटनला दोनदा सांगितलं, नवी कडी बसवून घ्या. ती बसवली गेली नाही. एका सकाळी घोडा दार ढकलून बाहेर आला आणि हॉलिस त्याच्या टापांखाली सापडला. इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला होता. त्याचं रक्त तपासायचं कुणालाच सुचलं नाही. चौकशीत डार्लानं बायबलवर हात ठेवून सांगितलं, की त्या सकाळी त्याच्या तोंडाला व्हिस्कीचा वास येत होता.

हॉलिस एके काळी प्यायचा, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. मेडा जन्मली त्या आठवड्यात त्यानं दारू सोडली आणि पुन्हा थेंब घेतला नाही, ते फक्त रोएनाला ठाऊक होतं, आणि डार्लाला. क्लेटन सुटला. हॉलिस गावाच्या तोंडी दारुडा होऊन मेला. सगळं उरकल्यावर डार्ला रोएनाच्या दारात मक्याचा पाव घेऊन आली होती. रोएनानं तो ताटलीसकट कोंबड्यांना टाकला.

घोड्याचं औषध सुरू व्हायच्या आदल्या दिवशी डार्ला इस्पितळात आली. तोंडाला मास्क, हातांना सॅनिटायझरचा वास. पलंगापासून लांब उभी राहिली.

"रो, वेडेपणा करू नकोस गं. माझ्या हाडातली थोडी मज्जा काढणार, बस. मला काही होत नाही, आणि तू वाचशील."

"आणि तू सुटशील."

"असं काय बोलतेस?"

"मी वाचले की गावभर सांगत फिरशील, बहिणीला जीवदान दिलं. फिटलं सगळं. हॉलिसचं काय? रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहा आणि सांग, तो प्यायला नव्हता. मग संध्याकाळी ये. जेवढी काढायची तेवढी मज्जा काढून घेते तुझी."

डार्लानं मास्कच्या दोऱ्या पुन्हा आवळल्या. "क्लेटन या वेळी निवडणुकीला उभा आहे," ती हळूच म्हणाली. "आत्ता कसं सांगू? थोडं थांब ना."

"थांबते की. घोडा आहे माझ्याकडे."

औषधाच्या पहिल्याच रात्री रोएनाला इतकी हुडहुडी भरली की पलंगाचे कठडे वाजायला लागले. पुढं अंगभर पुरळ उठलं, सांधे असे सुजले की चमचा धरवेना. मेडानं भरवलं. ताप चढला की रोएनाला हॉलिस दिसायचा नाही, क्लेटन दिसायचा, आणि तिचे दात आपोआप आवळले जायचे. नर्सला वाटायचं, बाईंना वेदना होताहेत.

घरी आल्यावर घोड्यांच्या खाद्याचं दुकान चालवणारी वांडा आली. ओसरीवरच बसली, कारण रोएनाला अजून कुणाच्या जवळ जायची परवानगी नव्हती. वांडाला एक गोष्ट कळली की चार तालुक्यांना कळायची.

"काय गं, सख्ख्या बहिणीची मज्जा जुळत होती म्हणे. मग घोड्याचं कशाला?"

रोएनाच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. "डार्लाला विचार," ती म्हणाली.

एवढंच. पण वांडाला तेवढंच पुरलं. पंधरवड्यात गावानं आपलं आपण ठरवून टाकलं, की डार्ला प्रूइटनं मरणाऱ्या बहिणीला हाडातलं चमचाभर द्यायलाही नकार दिला. चर्चच्या जेवणात डार्लानं आणलेल्या, भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या कॅसरोलला कुणी हात लावेना. केस कापणारी तिच्याशी बोलेना. कुणीतरी क्लेटनच्या निवडणुकीच्या फलकावर खडूनं लिहिलं, 'याच्या बायकोकडे मागून बघा'. डार्ला ज्याला त्याला सांगत सुटली, मी द्यायला गेले होते, तिनंच घेतलं नाही. लोक नुसते मान हलवायचे. मरायला टेकलेलं माणूस जीव नाकारेल, हे कुणाला पटणार?

"आई, हे बरोबर नाही," मेडा म्हणाली. "तू एक शब्द बोललीस तर मावशी सुटेल."

"तीही एक शब्द बोलली असती तर तुझा बाप सुटला असता."

"पण हे खोटं आहे!"

"मी कुठं खोटं बोलले? मी बोललेच नाही."

मेडा त्या दिवशी न जेवता लुईव्हिलला, आपल्या बिऱ्हाडी, निघून गेली. रोएनाला वाईट वाटलं, पण झोप छान लागली.

महिने गेले. आधी पांढऱ्या पेशी वाढल्या, मग प्लेटलेट्स. बाहेरचं रक्त चढवायची वेळ लांबत लांबत थांबली. डॉक्टर टेरेलबाईंनी सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र दाखवलं. रिकाम्या जागेत पुन्हा पेशींचे पुंजके दिसत होते. "शिरेतल्या औषधासोबत सुरू केलेल्या गोळ्या सोडायच्या नाहीत," त्यांनी बजावलं. "त्या चवताळलेल्या पेशी दबल्यात, संपल्या नाहीत. कमी-जास्त झालं तर पुन्हा उसळतील."

मतदानाला थोडे दिवस राहिले असताना रोएना पहिल्यांदा चर्चला गेली, मास्क लावून, मेडाच्या गाडीतून. ती आत शिरताच लोक उभे राहिले, टाळ्या वाजल्या. पाद्रीबाबांनी कुणाला चार शब्द बोलायचे आहेत का असं विचारलं. तेव्हा पुढच्या रांगेतून डार्ला उठली. वाळून काटकी झाली होती. क्लेटननं तिची बाही धरली, ती तिनं सोडवली.

"रोएना इथं आहे, तिच्यासमोर विचारते," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "रो, मी तुला मज्जा द्यायला आले होते की नव्हते? देवाशपथ सांग यांना."

सगळ्या माना रोएनाकडे वळल्या. याच क्षणाची वाट पाहत ती महिनोन्‌महिने त्या गोळ्या गिळत होती. ती सावकाश उभी राहिली.

"आली होतीस. मी नको म्हटलं. आता मी का नको म्हटलं, तेवढं तू सांग."

डार्लानं क्लेटनकडे पाहिलं. तो ओठ न हलवता म्हणाला, "खाली बस." पण ती बसली नाही.

"हॉलिस प्यायला नव्हता," ती म्हणाली. "त्याच्या तोंडाला कॉफीचा वास होता. कडी तुटलेली होती, आम्हाला माहीत होतं. मी शपथेवर खोटं बोलले."

क्लेटन मधल्या वाटेनं ताडताड चालत बाहेर पडला. त्याच्यामागे कुणी गेलं नाही. वांडाच्या तोंडाचा आ मिटायला वेळ लागला. हॉलिसबरोबर काम केलेले दोन म्हातारे घोडेवाले टोप्या हातात घेऊन रोएनाजवळ आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

क्लेटन निवडणूक हरला. वसंतात बाहेरच्या मालकांनी आपल्या घोड्या गाभण करून घ्यायला त्याच्या फार्मवर पाठवल्या नाहीत. डार्ला घर सोडून दुसऱ्या गावी राहायला गेली. त्याआधी, कबुली दिली त्याच दिवशी, चर्चच्या आवारात तिनं रोएनाला गाठलं होतं.

"झालं तुझं समाधान?"

"पाहते."

"आता तरी मला जवळ घेशील?"

"नाही," रोएना म्हणाली, आणि मेडाच्या गाडीत जाऊन बसली.

मेडानं गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून तशीच बसली. "डॉक्टर म्हणाल्या ना, आजार उलटू शकतो. तेव्हा मावशीचीच मज्जा लागेल. घेशील?"

"तेव्हाचं तेव्हा."

"माफ केलंस तिला?"

"नाही गं."

"मग आता काय?"

रोएनानं मास्क काढला. कित्येक महिने ती औषधासारखे दोन घास गिळत आली होती.

"आता हमरस्त्यावरच्या त्या हॉटेलात ने," ती म्हणाली. "भूक लागलीय."

तिनं तिथं पावासारखी मऊ, गरम बिस्किटं, सॉसेजची दाट ग्रेव्ही आणि तळलेलं सफरचंद मागवलं, ताटली पुसून खाल्लं, आणि आणखी एक ताटली मागवली.