फाटकावरची उलटी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. 'खोली भाड्याने देणे आहे' एवढीच माझी विद्या. अमरावतीत बेबीताईंच्या फाटकाशी माझं सोळा वर्षांचं नातं आहे.

तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून मला सरळ केलं ते गयासुद्दीन पेंटरनं. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, वर निळी अक्षरं काढली आणि खालच्या कोपऱ्यात आपलं नाव घातलं. "अक्षर कसं मोत्यावानी आहे!" बेबीताई म्हणाल्या. त्या दिवशी मी फार फुगले होते.

खोली रिकामी झाली की मी फाटकावर, भरली की जिन्याखाली. पण एक गोष्ट सांगायची मला लाज वाटते. बेबीताई तशा मायाळू. आलेल्याला आधी पाणी, मग नाव. नाव पटलं नाही की "खोली तं कालच ठरली" म्हणत त्या फाटकापर्यंत येत आणि मला उलटी करत. माणूस कोपऱ्यावरून वळला की मी पुन्हा सुलटी. खोटं त्यांचं, पण पाठ माझी वापरली जायची.

मागच्या उन्हाळ्यात अकोटहून एक मुलगी आली. इथल्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. खोली मिळाली नाही तर रोज अकोटहून एसटीनं ये-जा. तिची वऱ्हाडी ऐकून बेबीताईंनी तिला आपल्यातलीच धरली. खोली दाखवली, भाकर-ठेचा वाढला, खिडकीखाली खाट कुठं टाकायची तेही दोघींनी ठरवलं. या गडबडीत नाव विचारायचं राहूनच गेलं. ते आठवलं किल्ली देताना.

"नाव काय म्हनलं, पोरी?"

"उज्मा."

किल्ली बेबीताईंच्या मुठीतच राहिली. "अवो माय, मी तं इसरूनच गेली! हे खोली कालच ठरली."

मुलगी निघाली, मी उलटी झाले. पण तिची कागदांची फाईल आत राहिली होती. दहा मिनिटांत ती परतली, तोवर मी सुलटी. तिनं मला पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं.

"काकू, खोली ठरली नं? मंग हे पाटी काहून लटकून राहिली?"

बेबीताईंची मान खाली गेली. "माह्या मनात काही नाही वो. पन लोकं काय म्हनतीन?"

"घटना शाळेत आमी बी वाचली, काकू. सरकारले असा भेद करता येत नाही. घरमालकाले सरळ अडवनारा कायदा नाही, म्हनून तुमचं भागते. पन मले जेवू घातलं, अन् मंग खोटं काहून बोलल्या?"

फाईल घेऊन ती गेली. मला त्या वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

माणूस चूक सुधारण्याआधी ती सोयीची करून पाहतो. दुसऱ्याच दिवशी बेबीताई मला पिशवीत घालून गयासुद्दीनकडे गेल्या. "भाऊ, खाली एक ओळ टाका, 'फक्त आपल्या समाजासाठी'. मंग कोनाले तोंडावर नाही म्हनायचं कामच नाही."

म्हाताऱ्या पेंटरनं मला फडक्यानं पुसलं. बोटानं कोपरा दाखवला. "लिहून देतो, ताई. पन मंग हे माह्यं नाव पुसून देऊ का?"

ते नाव सोळा वर्षं बेबीताईंच्या फाटकावर होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला उचललं आणि घरी आणलं.

ओळ लिहिली गेली नाही. पण उज्माचा फोन नंबर किंवा तिच्या दवाखान्याचं नावही कोणी विचारलं नव्हतं. खोली अजून रिकामी आहे, खिडकीखालची जागा झाडलेली असते. अकोटची गाडी यायच्या वेळेला बेबीताई फाटकात येऊन उभ्या राहतात.

मित्रांनो, मी गंजले तर रंग द्या, मोडले तर भंगारात घाला. पण दारात आलेल्या माणसाकडे मला पाठ करायला लावू नका.